कंपनीचा लॅपटॉप, घरचं वायफाय आणि कुणाला काय दिसतं

जुळे सोलापुरातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम तो घरून करतो. लॅपटॉप कंपनीचा, वायफाय घरचं. रात्री धाकटा भाऊ त्याच लॅपटॉपवर सिनेमे बघतो, आईचं लाइट बिल त्यावरूनच भरलं जातं, आणि तो स्वतः अधूनमधून दुसरी नोकरी शोधतो, तीही ब्राउझरची 'इन्कॉग्निटो', म्हणजे हिस्ट्री न ठेवणारी खिडकी उघडून. मागच्या आठवड्यात मॅनेजरनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळी पाऊण तास पिवळा दिवा होता, कुठे होतास?" (पिवळा दिवा म्हणजे ऑफिसच्या चॅट-मीटिंगच्या 'टीम्स' अ‍ॅपमध्ये नावापुढे दिसणारा, माणूस जागेवर नाही असं सांगणारा ठिपका.) त्या वेळी नळाला पाणी आलं होतं, आणि सोलापुरात चार-पाच दिवसांआड येणारं पाणी काही मीटिंग बघून येत नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्यात घोळतंय: कंपनीला नेमकं काय दिसतं, घरचं नेट असूनही दिसतं का, आणि हे कायद्यात बसतं का?

आधी माझी बाजू सांगतो. २२ वर्षं मी हीच कामं करतोय. फायरवॉल (नेटवरून काय आत-बाहेर जातं त्यावर पहारा ठेवणारी यंत्रणा) बसवायचा, सर्व्हर सांभाळायचा, कोणत्या साइट चालू ठेवायच्या आणि कोणत्या बंद करायच्या ते मालकाच्या सांगण्यावरून ठरवायचं. आधी पुण्यात होतो, आता गावी परत आलोय. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, काही हॉस्पिटलं, सीएंची ऑफिसं, असं गिऱ्हाईक आहे. म्हणजे तुम्ही ज्या माणसाला घाबरताय, त्याच खुर्चीत मी बसलोय. तिथून काय दिसतं ते ऐकलंत तर निम्मी भीती जाईल आणि उरलेली निम्मी योग्य जागी बसेल.

नेट कुणाचं आहे याला फारसं महत्त्व नाही. मशीन कुणाचं आहे याला आहे. "घरचं वायफाय आहे, कंपनीला कसं कळणार?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. त्यामागची समजूत अशी की नजर ठेवणारा माणूस रस्त्यावर उभा असतो. पूर्वी खरंच तो रस्त्यावरच असायचा. ऑफिसचं नेट ज्या पेटीतून बाहेर पडायचं तिथे फायरवॉल असायचा, आणि घरी गेलं की तुम्ही मोकळे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे घरी गेले आणि पेटी ऑफिसात एकटी पडली. तेव्हापासून पहारेकरी लॅपटॉपच्या आतच राहायला आला. आता तुम्ही लॅपटॉप अक्कलकोटला न्या किंवा वंदे भारतमध्ये बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवा, तो सोबत असतो.

इन्कॉग्निटोचं दोन वाक्यांत उरकतो. ती खिडकी बंद केल्यावर ब्राउझर स्वतःच्या वहीत हिस्ट्री लिहून ठेवत नाही, कुकीज (साइटनं ओळख पटवायला ठेवलेल्या छोट्या नोंदी) टाकून देतो, एवढंच तिचं काम. घरातल्या दुसऱ्या माणसापासून लपायला ती ठीक आहे. कंपनीला तुमच्या हालचाली दिसू शकतात हे तर क्रोम ती खिडकी उघडताक्षणी स्वतःच लिहून दाखवतो, पण ते वाचतो कोण!

आता रस्त्यावरचं बघू. आज जवळपास प्रत्येक साइट 'एचटीटीपीएस'वर चालते, म्हणजे मजकूर कुलूपबंद असतो. ट्रान्सपोर्टला टाकलेल्या गठ्ठ्यासारखं समजा. बिल्टीवर पार्टीचं नाव आणि गाव दिसतं, गठ्ठ्याचं वजन कळतं, पण आत चादरी आहेत का नॅपकिन ते बाहेरून कळत नाही. तसंच नेटवर्कवाल्याला दिसतं की या मशीनवरून अमुक नोकरीच्या साइटवर रात्री पावणेदहाला जाणं झालं आणि इतके एमबी आले-गेले. कोणती जाहिरात उघडली, काय भरलं, हे दिसत नाही. ऑफिसच्या वायफायला तुमचा स्वतःचा मोबाइल जोडला असेल तर बहुतेक वेळा इतकंच दिसतं, आणि तेवढंही नको असेल तर मोबाइल डेटा वापरायचा.

पण मशीन कंपनीचं असेल तर गठ्ठा वाटेत सोडता येतो. फायरवॉल, किंवा त्याची क्लाउडमधली आवृत्ती, तुमच्या आणि साइटच्या मध्ये उभी राहते, गठ्ठा उघडून बघते, परत शिवते आणि त्यावर स्वतःचा शिक्का मारते. दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपनं हा शिक्का पाहिला तर लगेच लाल पाटी दाखवली असती. तुमचा लॅपटॉप दाखवत नाही, कारण हा शिक्का खरा मान म्हणून कंपनीच्या आयटीवाल्यानं आधीच त्यात सर्टिफिकेट घालून ठेवलेलं असतं. हे तुम्हाला स्वतः तपासता येतं. कोणतीही साइट उघडा, पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करा (पूर्वी तिथे कुलूप होतं, क्रोमनं २०२३ मध्ये ते बदललं), कनेक्शन सुरक्षित आहे असं लिहिलेल्या ओळीत शिरून सर्टिफिकेट उघडा आणि ते कुणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल तर गठ्ठा वाटेत उघडला जातोय. एकाच साइटवर बघून निकाल देऊ नका. बँका आणि दवाखान्यांच्या साइट शहाणी कंपनी या तपासणीतून वगळते, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या साइटवर बघा.

शहाणी कंपनी म्हणालो, कारण मी स्वतः एकदा शहाणपणा विसरलो होतो. एका ऑफिसात ही तपासणी चालू केली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी महिन्याची २० तारीख, जीएसटीचं ३-बी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. सकाळी साडेदहाला फोन: पोर्टल उघडत नाही, बँकेची साइट लाल पाटी दाखवते, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर बंद. ती मंडळी फायरफॉक्स वापरत होती, आणि त्या काळी फायरफॉक्स विंडोजची सर्टिफिकेटं न वापरता स्वतःचा वेगळा साठा ठेवायचा. तिथे मी शिक्का घातलाच नव्हता. सगळं पूर्ववत करायला दुपार झाली. अकाउंटंटबाई एवढंच म्हणाल्या, "सर, आमचं बँकेचंबी तुम्ही बघनार होता का?" बघणार नव्हतो, पण बघू शकलो असतो, आणि त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. त्या दिवसापासून ही तपासणी लावताना वगळायच्या साइटची यादी आधी करतो आणि ऑफिसातल्या सगळ्यांना लेखी कळवल्याशिवाय बटण दाबत नाही.

लॅपटॉपच्या आतला पहारेकरी हा खरा महत्त्वाचा. त्याला आम्ही एजंट म्हणतो. बऱ्याच ठिकाणी तो मुळात सुरक्षेसाठी असतो: कोणता प्रोग्रॅम चालू झाला, त्यानं कोणत्या पत्त्यावर संपर्क केला, कोणता पेन ड्राइव्ह लागला, कोणती फाइल कुठे गेली. व्हायरस पकडायला हीच माहिती लागते, आणि माणसाचा दिवस वाचायलाही हीच पुरते. हे एजंट किती खोल बसलेले असतात ते १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून देत होते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मशीन उठूच न देण्याची ताकद आहे, त्याच्यापासून इन्कॉग्निटोत लपायची भाषा मला जरा गमतीची वाटते.

दुसरी जात म्हणजे केवळ कामाच्या तासांवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरं. हबस्टाफसारख्या प्रकारात दर १० मिनिटांत एक ते तीन वेळा पडद्याचा फोटो काढायची सोय असते. कीबोर्ड-माउस किती हलला याची टक्केवारी निघते. पडद्याचा फोटो निघत असेल तर कुलूप, गठ्ठा, बिल्टी हा सगळा हिशोब फोल. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरचा निरोप वाटेत कुणालाही वाचता येत नाही हे खरं, पण तो तुमच्या डोळ्यांसमोर उघडा पडलेला असताना पडद्याचा फोटो निघाला तर एन्क्रिप्शनचं कुलूप काय करणार? बायकोशी झालेलं भांडणही त्यात येतं आणि बँकेतली शिल्लकही. यातली काही सॉफ्टवेअरं दाबलेली प्रत्येक कळ नोंदवू शकतात. तो प्रकार मला पसंत नाही, कारण त्यात पासवर्डही येतात. त्याबद्दल पुढे बोलतो.

तिसऱ्या जागेकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं, आणि माझ्या अनुभवात घरच्या गोष्टी कंपनीकडे जातात त्या बहुतेक तिथूनच. ती जागा म्हणजे तुमची खाती. कंपनीच्या लॅपटॉपवर वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीनही फोल्डर गुपचूप कंपनीच्या क्लाउडमध्ये चढत असतात. आधारची पीडीएफ, बहिणीच्या लग्नाचे फोटो, घराच्या कर्जाचे कागद "जरा वेळ" म्हणून डेस्कटॉपवर ठेवले की त्यांची एक प्रत कंपनीकडे गेली. हेरगिरी कुणीच केली नाही, तुम्हीच नेऊन दिलंत. तसंच क्रोमचं. कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलनं साइन-इन करून सिंक चालू केलंत की मोबाइलवरचे सेव्ह केलेले पासवर्ड, बुकमार्क, हिस्ट्री सगळं त्या लॅपटॉपवर येऊन बसतं. नोकरी शोधता मोबाइलवर, पण सिंक झालेली हिस्ट्री उतरते कंपनीच्या मशीनमध्ये. आज रात्री एकच काम करायचं असेल तर हे सिंक बंद करा आणि त्या लॅपटॉपवर आलेले पासवर्ड काढून टाका. ते मोबाइलवर तसेच राहतात, पण आधी सिंक बंद करायचं आणि मग काढायचे. उलटं केलंत तर मोबाइलवरचेही जातील.

टीम्सवरची गप्पाटप्पाही तशीच. दोघांतला चॅट म्हणजे खासगी, असं वाटतं. मॅनेजरला तो एका क्लिकवर दिसत नाही हे खरं, पण कंपनीनं जपून ठेवायचं धोरण लावलं असेल तर तुम्ही पुसलेला निरोपही तपासणीच्या वेळी काढता येतो. मॅनेजरबद्दलचं मत चहाच्या टपरीवर सांगावं.

आता खुर्चीतून काय दिसतं ते. एका मध्यम ऑफिसचा फायरवॉल दिवसाला लाखो ओळी लिहितो. त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी माणसांच्या नसतातच. मशीन आपापसात बोलत असतात. त्या ओळी रोज वाचणारा माणूस मी २२ वर्षांत पाहिला नाही. आम्ही बघतो ते इशारे: कुणाच्या मशीनवरून विचित्र पत्त्यावर संपर्क गेला, कुणी अचानक १० जीबी बाहेर पाठवले. तुमचा भाऊ रात्री सिनेमा बघतो हे नोंदीत आहे, पण त्यासाठी कुणी जागं बसलेलं नाही.

मात्र त्या नोंदी राहतात. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी त्यांच्या यंत्रणांचे लॉग, म्हणजे अशा नोंदी, १८० दिवस सांभाळायचे आहेत. आणि लॉग वाचायची आमची पद्धत उलटी असते. काहीतरी घडतं, मग त्या दिवसापासून मागे मागे जात वाचतात. कुणाविरुद्ध तक्रार आली, गिऱ्हाइकाची यादी स्पर्धकाकडे सापडली, कुणी राजीनामा दिला, की एचआर मेल टाकते: या मशीनचे मागचे तीन महिने काढून द्या. त्या दिवशी, तोपर्यंत कुणीही न पाहिलेली प्रत्येक ओळ बघितली जाते. तेव्हा रात्रीचा सिनेमाही दिसतो, नोकरीची साइटही दिसते, आणि ज्या गोष्टीची चौकशी नव्हती तीही कागदावर येते. म्हणून "आजवर कुणी काही बोललं नाही" याचा अर्थ "कुणाला दिसलं नाही" असा धरू नका.

एक मुलगा मला माहीत आहे. नाव, कंपनी सोडून देतो. राजीनामा दिल्यावर शेवटच्या आठवड्यात त्यानं "माझे फॉरमॅट्स" म्हणून एक फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. पाच वर्षांत त्यानं स्वतः बनवलेल्या एक्सेल शीट होत्या, भावना समजू शकतो. पण त्याच फोल्डरमध्ये गिऱ्हाइकांची दरासकट यादी होती. पेन ड्राइव्ह लागल्याची वेळ, फाइलींची नावं, आकार, सगळं नोंदलं गेलं. रिलीव्हिंग लेटर कित्येक महिने अडकलं आणि नवीन कंपनीत खुलासे करता करता त्याचा जीव मेटाकुटीला आला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातला डेटा उतरवून घेणं येतं, पेन ड्राइव्हवर घेतलेलंही. आणि ते अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतः बनवलेली शीटसुद्धा पगारावर असताना बनवली असेल तर ती सहसा कंपनीचीच. हवी असेल तर मेल टाकून मागायची.

आता मालकाची बाजू, कारण ती समजल्याशिवाय कायदा नीट कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका टॉवेल निर्यातदारानं बोलावलं. म्हणाला, "सर, ऑफिसात सगळे मोबाइल-कॉम्प्युटरवर टाइमपास करतेत बघा. कुणाला कळू न देता असं काहीतरी बसवा की प्रत्येकाचा स्क्रीन मला घरी दिसला पाहिजे." मी म्हटलं, आधी पंधरा दिवस नुसतं मोजू या, नावं नकोत. मोजलं. नेट सगळ्यात जास्त खाणारं मशीन निघालं केबिनमधलं, ज्यावर त्याचाच मुलगा आयपीएल बघत होता. खालोखाल डिझाइन विभाग, जो परदेशी पार्टीला नमुन्यांच्या मोठ्या फाइली पाठवत होता, म्हणजे कामच करत होता. हसून विषय संपला, पण गंभीर भाग नंतर बोललो. लपून कळा नोंदवल्या तर अकाउंटंटचा बँकेचा पासवर्ड तुमच्या सर्व्हरवर येणार. उद्या त्याच्या खात्यातून पैसे गेले तर पहिला संशय कुणावर? तुमच्यावर, आणि दुसरा माझ्यावर. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत पासवर्ड, आर्थिक माहिती, आजारपणाची माहिती, बायोमेट्रिक यांना संवेदनशील माहिती म्हटलंय. ती गोळा करून धड न सांभाळणं हा तोट्याचा व्यवहार आहे. शेवटी ठरलं ते साधं होतं: सिनेमे आणि जुगाराच्या साइट बंद, दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना सगळं मोकळं, आणि नोटीस बोर्डावर मराठी आणि तेलुगूत एक पान, की ऑफिसच्या नेटची नोंद ठेवली जाते, काय नोंदलं जातं आणि कोण बघू शकतं.

सोलापूरकरांना ही गोष्ट नवीन नाही खरं तर. मिलच्या काळात पाळी सुटली की गेटवर झडती व्हायची. कामगारांना ती आवडायची असं नाही, पण ती कुठे होते, कोण घेतो हे सगळ्यांना माहीत असायचं. घरी येऊन कुणी पेटी उघडून बघत नव्हतं. लॅपटॉपनं गेट घरात आणून ठेवलंय, घोळ तिथे आहे.

कायद्याचं म्हणाल तर भारतात "कर्मचाऱ्यांवर नजर" असा स्वतंत्र कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण मूलभूत हक्क प्रामुख्यानं सरकारविरुद्ध मागायचे असतात. खासगी कंपनीशी तुमचं नातं करारानं आणि साध्या कायद्यांनी ठरतं. तो साधा कायदा म्हणजे आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणांसाठी, तसंच मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, उदाहरणार्थ गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून, संमतीशिवायही माहिती वापरायला जागा ठेवली आहे. म्हणजे "मी परवानगी दिलीच नव्हती" एवढ्यावर तुमचं भागणार नाही. पण ती जागा कारणापुरतीच आहे. गिऱ्हाइकाच्या फाइली बाहेर जातात का हे बघणं त्यात बसतं. तुमच्या आईच्या रक्त तपासणीचा रिपोर्ट वाचणं बसवायला मालकाच्या वकिलाला घाम फुटेल. शिवाय गोळा केलेली माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७. पुढच्या काळात तुमच्याकडे एचआरचे लांबलचक मेल येतील ते यामुळे. न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबू नका.

परदेशातला एक निकाल सांगतो. आपल्याला तो लागू नाही, पण प्रश्न कुठे अडतो ते त्यातून स्पष्ट होतं. रुमानियातल्या बार्बुलेस्कु नावाच्या इंजिनिअरनं कंपनीच्या सांगण्यावरून गिऱ्हाइकांसाठी याहू मेसेंजरचं खातं उघडलं आणि त्यावर भाऊ नि वाग्दत्त वधूशीही गप्पा मारल्या. कंपनीनं त्या सगळ्या गप्पा छापून काढल्या आणि त्याला नोकरीवरून काढलं. ५ सप्टेंबर २०१७ ला, म्हणजे पुट्टस्वामी निकालानंतर बाराच दिवसांनी, युरोपियन मानवाधिकार न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. खासगी वापर करू नका असा नियम कंपनीत होता आणि तो त्याला माहीतही होता. पण नजर किती आणि कुठपर्यंत ठेवली जाणार, मजकूरही वाचला जाणार का, हे त्याला आधी सांगितलं नव्हतं, आणि इतकं खोल वाचायची गरज होती का हेही त्याच्या देशातल्या न्यायालयांनी तपासलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही पहिलं काम करा ते कागद शोधायचं. नोकरीवर रुजू होताना ४० पानं सह्या करून दिली असतील, त्यात 'आयटी वापर धोरण' किंवा तशा नावाचं प्रकरण असतं. घरच्यांना मशीन वापरू द्यायचं का, नोंदी कशाकशाच्या, किती दिवस, हे तिथे असतं. सापडलं नाही तर एचआरला साधा मेल टाका: धोरणाची प्रत मिळेल का. हा प्रश्न विचारल्यानं कुणी संशय घेत नाही. मला तर असे मेल आले की बरं वाटतं. मशीनवरही खुणा असतात. क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' अशी ओळ दिसते, आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडलं की कंपनीशी काय जोडलंय ते कळतं. खुणा बघा, पण उपटायला जाऊ नका. एजंट बंद करायचा प्रयत्न हाच सगळ्यात मोठा इशारा असतो. तुमच्या सिनेमाकडे न बघणारा आयटीवाला त्या क्षणी तुमच्या मशीनकडे बघायला लागतो.

भावाचं कळकळीनं सांगतो. सिनेमा बघितल्यानं नोकरी जाणार नाही. पण फुकटात सिनेमे दाखवणाऱ्या साइटवर तो "प्लेअर डाउनलोड करा" असलं काही दाबेल आणि कंपनीच्या मशीनमध्ये नको ते शिरेल, ही भीती खरी आहे. मग लॉगमध्ये भावाचं नाव नसतं, तुमचं असतं. त्याच्यासाठी जुना, सेकंड हँड लॅपटॉप घेऊन द्या, नाहीतर टीव्हीला स्ट्रीमिंगची स्टिक लावा. आईचं लाइट बिल मोबाइलवरून भरा. नोकरी शोधायला कायद्यानं बंदी नाही, पण ती स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर, आणि बायोडाटा कंपनीच्या मशीनवर मुळीच बनवायचा नाही. फाइलच्या नावात 'रेझ्युमे' आणि अपलोड बाहेरच्या साइटवर, हे पकडायला हुशार सॉफ्टवेअर लागत नाही. उद्या कंपनी तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर काही बसवायला सांगेल तेव्हा एवढंच विचारा, अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल आहे का. त्यात कंपनीची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्यावर छोटी ब्रीफकेस दिसते, आणि नोकरी सोडल्यावर कंपनी तेवढा कप्पा पुसते, तुमचे फोटो नाही. संपूर्ण फोनचा ताबा मागत असतील तर कंपनीचा फोन मागा.

राहिला पिवळा दिवा. टीम्स पाच मिनिटं कीबोर्ड-माउस हलला नाही की तो लावतो. त्याला कुणाचं घर, कुणाचा नळ माहीत नसतो. मॅनेजरनं कोणता गुप्त अहवाल काढलेला नाही, त्याच्या पडद्यावर तुमच्या नावापुढे ठिपका दिसला इतकंच. आता कुणीतरी तुम्हाला माउस हलवत ठेवणारं यंत्र सुचवेल, ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत मिळतं. घेऊ नका. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्डवर काम चालू असल्याचा आभास केल्याबद्दल डझनाहून जास्त लोकांना काढल्याची बातमी २०२४ मध्ये आली होती. पिवळा दिवा माफ होतो, खोटा हिरवा होत नाही. दिवसभर माउस हलतोय पण एकही फाइल उघडलेली नाही, हा नमुना नोंदीत डोळ्यांत भरतो.

मॅनेजरला सरळ सांगा की सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, वेळ महापालिका ठरवते, आणि ते आलं की अर्धा-पाऊण तास मी जागेवर नसतो. तेवढा वेळ संध्याकाळी भरून काढेन. उठताना स्टेटसमध्ये 'पाणी आलंय, ११.४५ पर्यंत येतो' असं लिहा. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या पुण्यातल्या टीमला आता सोलापूरच्या तिघांच्या पाण्याचे दिवस पाठ आहेत, आणि त्या दिवशी सकाळची मीटिंग ते आपणहून दुपारी ठेवतात.